पेटी, स्क्रीन की यूट्यूब? मंडळीच्या गाण्यावर पैसा लावण्याआधी

माझा मामेभाऊ नागपुरात जरीपटक्याकडच्या एका मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, कमिटीवर आहे. मागच्या महिन्यात एका कुटुंबानी त्यांना "फक्त संगीतासाठी" म्हणून बऱ्यापैकी रक्कम देऊ केली आणि तेव्हापासून कमिटीत सरळ तीन पार्ट्या पडल्या आहेत. तरुण संघाला पूर्ण बँड पाहिजे, इन-इअर (वाजवणाऱ्यांच्या कानातले स्पीकर), मोठी स्क्रीन, मल्टिट्रॅक (एकेका वाद्याचं वेगळं तयार रेकॉर्डिंग), सगळं. वडीलधारे म्हणतात उपासना संगीत, आपलं मराठी गीतांचं पुस्तक, आहे, पेटी आहे, तबला आहे, आता अजून काय पाहिजे. आणि मधले काही जण म्हणून राहिले की यूट्यूबवर एवढी हिंदी-मराठी गाणी फुकट पडली आहेत, ट्रॅक लावा, गा, घरी जा. भाऊ मला म्हणाला, ताई तू तिन्ही घरचं जेवली आहेस, तूच सांग काय घ्यायचं.

जेवले आहे खरं. लहानपणी सदरला आजोबांच्या पेटीशेजारी बसून भाता ओढायला मिळावा म्हणून भांडायचे, मग नऊ वर्षं एका वर्शिप टीममध्ये, म्हणजे उपासनेत गाणी घेणाऱ्या बँडमध्ये, कीबोर्ड वाजवला, आणि आता परत क्वायरमध्ये मागच्या रांगेत आल्टो, म्हणजे बायकांचा खालचा सूर. त्यामुळे मी तटस्थ वगैरे अजिबात नाही, हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे नंतर कोणी म्हणायला नको.

पहिले मोठ्या वर्शिप ब्रँडांचं बघू, कारण तिथे पैसा कसा फिरतो हे आपल्याकडे जवळजवळ कोणालाच माहीत नसतं. आपण रविवारी गाणं म्हणतो, ते सिडनीहून आलं की कॅलिफोर्नियाहून याच्याशी आपल्याला काय. पण त्याची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. अमेरिकेत एफईएल नावाची एक छोटी प्रकाशन कंपनी होती, कॅथलिक चर्चसाठी गाण्यांची पुस्तकं छापायची. चर्चवाले काय करायचे, तर जे आपण करतो तेच, एक पुस्तक विकत घ्यायचं आणि बाकी झेरॉक्स. कंपनीनी थेट शिकागोच्या आर्चडायोसिसवर, म्हणजे तिथल्या कॅथलिक धर्मप्रांतावर, केस टाकली आणि 1984 मध्ये ज्युरीनी 30 लाख डॉलरच्या वर भरपाई ठरवली. अपिलं पुढे चालत राहिली, पण तोपर्यंत सगळ्या चर्चेसच्या पोटात गोळा आला होता. अमेरिकेतल्याच पोर्टलंडच्या एका चर्चमधला संगीत बघणारा माणूस, हॉवर्ड रॅचिन्स्की, त्यानी डोकं लावलं की चर्चनी वर्षाला एक ठरावीक फी भरायची आणि हजारो गाण्यांचे शब्द छापायची, पडद्यावर दाखवायची परवानगी एकदम घ्यायची. त्यातून 1988 मध्ये सीसीएलआय ही चर्चना गाण्यांचं लायसन्स देणारी कंपनी उभी राहिली. फी चर्चच्या हजेरीप्रमाणे, कोणती गाणी वापरली ते चर्चनी कळवायचं, त्या हिशोबानी गीतकार आणि प्रकाशकाला पैसे.

इथपर्यंत मला काहीच चूक दिसत नाही. गाणं लिहिणाऱ्यालाही घरभाडं असतं. आपल्याकडे तर पाहुण्या गायकाला शाल, नारळ आणि "प्रभू तुम्हाला प्रतिफळ देवो" यावरच पाठवतात, त्यापेक्षा हे किती बरं.

गडबड पुढे झाली. गाणी मोजायला लागले की यादी होते, यादी झाली की पहिला नंबर होतो, आणि मग जगातले सगळे वर्शिप लीडर रविवारसाठी गाणी निवडायला ती यादीच उघडतात. मग यादीत असलेलंच परत यादीत. अमेरिकेतल्या काही अभ्यासकांनी 2010 ते 2020 या काळात अशा याद्यांत वरच्या 25 मध्ये आलेली गाणी तपासली, ती निघाली 38, आणि त्यातली 36 फक्त चार चर्चशी जोडलेली होती: सिडनीचं हिलसाँग, कॅलिफोर्नियातल्या रेडिंगचं बेथेल, शार्लटचं एलिव्हेशन आणि अटलांटाचं पॅशन. म्हणजे जगभरच्या मंडळ्यांनी देवाला काय म्हणायचं हे चार पत्त्यांवरून ठरायला लागलं. वरून या धंद्यातल्या सर्वात मोठ्या कंपन्यांपैकी एक, कॅपिटॉल ख्रिश्चन म्युझिक ग्रुप, ती युनिव्हर्सल म्युझिकची. हो तीच युनिव्हर्सल, जी बाकी पॉप गाणी विकते.

आणि गाण्याचं आयुष्यही घटलं. तिकडच्याच अभ्यासात दिसतं की गाजलेलं वर्शिप गाणं तीस वर्षांपूर्वी जितकं टिकायचं त्याच्या साधारण एक तृतीयांश काळच आता टिकतं. याचा अर्थ कमिटीच्या भाषेत सांगते: तुम्ही आज जो सेटलिस्ट, म्हणजे गाण्यांचा संच, बसवाल तो तीन-चार वर्षांत शिळा होणार, तेव्हा परत नवीन ट्रॅक, कीबोर्डचे नवीन आवाज, नवीन प्रॅक्टिस. स्क्रीन एकदा घेऊन होते, हा खर्च संपत नाही. दान देणारं कुटुंब दरवर्षी येणार आहे का, हे विचारून घ्या.

आमच्या टीममध्ये आम्ही हेच केलं. दर दोन महिन्यांनी नवीन इंग्रजी गाणं, त्याचा हिंदी अनुवाद कोणीतरी केलेला, त्यावर आमचा अर्धा कच्चा मराठी अनुवाद. आम्ही खूश असायचो. मंडळी उभी राहून आमच्याकडे बघायची, छान बघायची, काही जण मोबाईलवर शूटिंग पण करायचे. गात कोण होतं? आम्ही सहा जण. हे मला सात वर्षांनी एका मे महिन्यात कळलं, उपासनेच्या मध्येच ट्रिप झालं आणि सगळं बंद पडलं, पंखे, कूलर, कीबोर्ड, पडदा, सगळं. आम्ही गाणं चालू ठेवलं आणि पहिल्यांदा आम्हाला मंडळीचा आवाज ऐकू आला, म्हणजे ऐकू आला नाही. दुसऱ्या ओळीनंतर शांतता. शब्द कोणालाच येत नव्हते, आणि खरं सांगू, दुसरं कडवं मलाही नव्हतं येत.

याच्यात गायकीचा पण भाग आहे. ती रेकॉर्डिंग्ज एका विशिष्ट गायकासाठी केलेली असतात, चांगला चढा टेनर, म्हणजे उंच आवाजाचा पुरुष, सुरुवातीला खाली कुजबुजतो आणि शेवटी एक सप्तक वर उडी मारतो. ऐकायला अंगावर काटा येतो. पण ते मूळ सूर, पेटीच्या पट्टीत सांगायचं तर, पांढरी सात किंवा पांढरी तीन, आपल्या मंडळीतले काका दुकान, ऑफिस, नातवंडं सांभाळून रविवारी येतात, ते काय त्या उडीत येणार. ते ओठ हलवतात. सूर दोन-तीन पट्ट्या खाली आणता येतो, फक्त ट्रॅक लावला असेल तर त्याच्यासाठी परत सॉफ्टवेअर पाहिजे आणि ते चालवणारा मुलगा पाहिजे, आणि तो मुलगा पुण्याला जॉबला जातो. जातोच. आमचे तीन गेले.

एक गोष्ट या लोकांच्या बाजूनी पण सांगायला पाहिजे. हे सगळं त्यांना कळत नाही असं नाही. नव्वदच्या दशकात इंग्लंडमध्ये वॉटफर्डच्या एका चर्चमधे पाळकांनी हेच बघितलं की लोक बँडसाठी येतात, आणि काही काळ बँड, साउंड सगळं काढूनच टाकलं, नुसत्या आवाजावर गा म्हणाले. त्या रिकामेपणातून तिथला मॅट रेडमन एक गाणं लिहून बसला. गंमत अशी की ते गाणं जगभर इतकं चाललं की तेही त्याच यादीत, त्याच लायसन्समध्ये, आणि आता त्याचे मल्टिट्रॅकही मिळतात. पैशाचा हात असा असतो, नको म्हटलेलं पण विकतो. आणि 2022 मध्ये हिलसाँगच्या संस्थापकांना राजीनामा द्यावा लागला तेव्हा अमेरिकेत काही चर्चेसमध्ये वाद झाला, की आपण गाणं म्हटलं की थोडे का होईना पैसे त्या घराकडे जातात, मग म्हणायचं का. आपल्याकडे हा प्रश्न कोणी विचारल्याचं मी ऐकलं नाही. गाणं मात्र चालू आहे.

आता पेटीवाले. इथे मी हळवी होते, सांभाळून घ्या.

ख्रिस्ती झालेले मराठी कवी ना. वा. टिळक आपल्या नागपुरात राहिलेले आहेत, हे नवीन पोरांना सांगितलं तर त्यांना खरं वाटत नाही. आप्पासाहेब बुटींच्या आश्रयानी इथे मासिक काढत होते, आणि 1893 मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाणाऱ्या गाडीत त्यांना एका गोऱ्या साहेबानी नवा करार (बायबलचा येशूबद्दलचा भाग) दिला. 1895 मध्ये बाप्तिस्मा. पुढे त्यांनी भजनं, अभंग लिहिले, ते आपण आजही म्हणतो. त्यांनी काय ओळखलं होतं बघा, की मराठी माणसाच्या कानात आधीच तुकाराम आहे, ओवी आहे, टाळ आहे, त्याला नवीन कान बसवायची गरज नाही. त्याच्याआधी, आणि नंतरही, मिशनऱ्यांच्या इंग्रजी चालीत मराठी शब्द कोंबून केलेली गीतं होतीच, त्यात जोर भलत्याच अक्षरावर पडतो, "प्रभू" म्हणताना "प्र" लांबतो आणि "भू" गायब. ती पण आपल्या पुस्तकात आहेत आणि ती पण आपण प्रेमानी म्हणतो, कारण आजी म्हणायची.

पण वडीलधाऱ्यांनी असं समजू नये की जुनं म्हणजे पैशाच्या पलीकडचं. त्यातल्या कितीतरी चाली अमेरिकेच्या सँकीच्या, उपदेशक मूडी आणि त्याचा गायक सँकी 1873 पासून इंग्लंड-स्कॉटलंडभर फिरले तेव्हाची त्यांची पुस्तकं धडाधड विकली जायची, ते त्या काळचं हिट मार्केटच होतं. फरक एवढाच की रॉयल्टी त्या दोघांनी खिशात घातली नाही, शाळा आणि चर्चच्या कामाला लावली. धंदा तेव्हाही होता, हिशोब वेगळा होता.

जुन्याच्या बाजूनी सर्वात मोठी गोष्ट मला मेडिकलमध्ये, म्हणजे सरकारी हॉस्पिटलात, कळली. आमच्या मंडळीतले एक म्हातारे काका वॉर्डात होते, शेवटचेच दिवस, आम्ही वर्शिप टीमचे चार जण भेटायला गेलो, काकू म्हणाल्या एक गाणं म्हणा. मोबाईल काढले. वॉर्डात नेटवर्क नाही. चौघांत मिळून एक अख्खं गाणं येत नव्हतं, आम्ही कोरस म्हणायचो आणि मग एकमेकांकडे बघायचो. शेवटी काकांनीच सुरू केलं, टिळकांचं भजन, दम लागत होता तरी तिसऱ्या कडव्यापर्यंत, आणि शेजारच्या कॉटवरची एक बाई, ख्रिस्ती पण नव्हती, ती ताल धरून राहिली. मी घरी येऊन आजोबांचं पुस्तक काढलं, कव्हर कधीचं निघालेलं, दोऱ्यानी शिवलेलं.

बरं, आता दुसरी बाजू. पेटीवाल्यांनी पण आपली उपासना झोपवून ठेवली आहे. गीत नंबर सांगितला की निम्मी मंडळी चष्मा शोधते, मग पाच कडवी, तीही इतकी ओढून की तिसऱ्या कडव्यापर्यंत सूर अर्धी पट्टी उतरलेला असतो. तबलजी नसला की पेटी एकटीच रडते. नवीन गीत शिकवायचं नावच नाही, तीच पंधरा-वीस गाणी, पुस्तकात शेकडो आहेत. आणि कूलर! एप्रिल ते जून आपल्याकडे चर्चमध्ये चार-पाच मोठे कूलर घरघरत असतात, त्याच्यात बिनमाईकची पेटी तिसऱ्या बाकापुढे पोचत नाही, मागचे लोक एक ओळ उशिरा म्हणतात आणि मग सगळं गाणं दोन भागात चालतं, पुढचं आणि मागचं. जो म्हणतो की साउंडची गरज नाही त्याला मे महिन्यात मागच्या बाकावर बसवा. स्क्रीनवाल्यांनाही तेच सांगते, खिडक्या उघड्या, बाहेर 45 डिग्रीचं ऊन, त्यात साध्या प्रोजेक्टरवरचं एक अक्षर दिसत नाही.

तिसरा पर्याय, यूट्यूब. हा सर्वात स्वस्त वाटतो आणि याच्यावरच मी सर्वात जास्त नाराज आहे. असं नाही की गाणी वाईट आहेत, काही फार सुंदर आहेत, हिंदी-मराठीत आता खरंच चांगलं लिहून राहिले लोक. आणि सगळं चार चर्चकडूनच येतं असंही नाही, वे मेकर हे नायजेरियाच्या सिनाचचं गाणं 2020 मध्ये सीसीएलआयच्या यादीत पहिल्या नंबरवर गेलं, आपल्याकडे ते हिंदीत म्हणतात, मराठीत म्हणतात, कित्येकांना ते मूळ लागोसकडचं आहे हेही माहीत नाही. अमेरिकेत ते मोठं झालं ते तिथल्या नावाजलेल्या गायकांनी गायल्यावर, तो भाग आहेच.

नाराजी ट्रॅकवर आहे. ट्रॅक थांबत नाही. प्रभुभोजनाला (भाकर आणि द्राक्षरस घेण्याचा विधी) रांग लागते, आजीबाई काठी टेकत हळूहळू येतात, आणि गाणं चार मिनिटं पन्नास सेकंदांनी संपतं, रांग अर्धीच झालेली. मग ऑपरेटर घाईघाईत परत प्ले करतो आणि मध्येच जाहिरात, मी स्वतः ऐकलं आहे, हातात प्याला आणि स्पीकरमधून मसाल्याची जाहिरात. पेटीवाला काय करतो, रांग बघतो, धृपद अजून दोनदा घेतो, शेवटची व्यक्ती बसली की हात उचलतो. हे कुठल्याच मशिनला येत नाही. ही माझ्या मते पूर्ण तुलनेतली सर्वात महत्त्वाची गोष्ट आहे आणि कोणत्याही कोटेशनमध्ये तिची ओळ नसते.

कायद्याचं पण थोडं, कारण भावानी विचारलं की आपल्याला पण लायसन्स लागेल का. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यात कलम 52 मध्ये सूट आहे, खऱ्या धार्मिक विधीत गाणं म्हटलं, वाजवलं तर ते उल्लंघन धरत नाहीत. त्यामुळे रविवारी मंडळीनी कोणतंही गाणं म्हणावं, घाबरायचं कारण नाही. पण पुस्तिका छापून वाटणं, शब्दांच्या स्लाइड करून ठेवणं, रेकॉर्डिंग चॅनलवर टाकणं हे गाण्याच्या बाहेरचं झालं, तिथे ही सूट ताणू नका, परवानगी बघा. आमच्या नाताळच्या यूट्यूब व्हिडिओवर कॉपीराइटचा क्लेम आला होता, गाणं आम्हीच गायलेलं, तरी जाहिरातीचे पैसे कोणाकडे गेले असते तर त्या गाण्याच्या मालकाकडे. टिळकांचं तसं नाही. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं कॉपीराइट, टिळक 1919 ला गेले, म्हणजे त्यांचे शब्द कधीचेच सगळ्यांचे आहेत. छापा, स्क्रीनवर लावा, नवीन चाल बांधा, रेकॉर्ड करून टाका. हां, एखाद्या जिवंत संगीतकारानी त्याला बांधलेली नवीन चाल त्याची.

आणि तिथेच मला चौथा रस्ता दिसतो जो कमिटीत कोणीच मांडला नाही, की जुने शब्द घ्या आणि तुमच्याच पोरांना नवीन चाल करायला लावा. तुमच्या संघात गिटारवाला आहे, ऑक्टापॅडवाला आहे, त्यांना इंग्रजी गाण्याची नक्कल करायला सहा आठवडे लावता, तेवढ्यात एक भजन बसेल. आम्ही एकदा केलं, काळी एकमध्ये, साधा केरवा, गिटार आणि पेटी दोन्ही. सगळ्यांना आवडलं असं नाही, एका काकांनी महिनाभर माझ्याशी बोलणं सोडलं. पण दुसऱ्या रविवारी मंडळी म्हणत होती, पडद्याकडे न बघता.

तरुण सोडून जातील ही भीती खरी आहे, मी ती हसण्यावारी नेत नाही. जातात, ज्या चर्चमध्ये लाइट आहेत तिकडे जातात, आणि काहींना तिथे देव भेटतो पण, मी कोण नाही म्हणणारी. पण मागे सिव्हिल लाइन्सच्या एका हॉलमध्ये वर्शिप नाईट होती, पुढच्या रांगांचे पास वेगळ्या दराचे. प्रभूच्या स्तुतीला पुढची रांग महाग. आमच्या संडे स्कूलच्या एका पोरीनी मला विचारलं, आंटी, मागे बसलेल्यांचं कमी ऐकू जातं का देवाला? मी तिला काय उत्तर देणार.

तर भावाला मी काय सांगितलं ते लिहिते, तुमच्या मंडळीला जमेल तसं घ्या. मंडळी शंभर-सव्वाशेची असेल, बहुतेक मराठी बोलणारी, वाजवणारी पोरं दर दोन वर्षांनी नोकरीला बाहेर जाणारी, तर पैसा पहिले आवाजात लावा, एक चांगला मिक्सर, चार माईक, त्यातला एक पेटीला आणि एक मंडळीकडे तोंड करून, म्हणजे मंडळीचा आवाज मंडळीलाच ऐकू येईल. पेटी ट्यून करून घ्या, पावसाळ्यानंतर लगेच. मोठ्या अक्षरांची पुस्तकं घ्या, चष्मा शोधण्यात निम्मी उपासना जाते. उरलेल्या पैशात वर्षभर एका तबला शिकवणाऱ्याला शनिवारी बोलवा, संघातल्या दोन मुली आणि दोन मुलं शिकू द्या. स्क्रीन पुढच्या वर्षी बघा. मल्टिट्रॅकची सबस्क्रिप्शन मी तर घेणार नाही. नवीन गाणी जरूर घ्या, तीन महिन्यांत एक, आणि सलग चार रविवार तेच म्हणा, कंटाळा आला तरी.

मंडळी पाचशेची असेल, पगारी साउंड माणूस असेल, तरुण बहुसंख्य आणि इंग्रजी-हिंदीत प्रार्थना करणारे असतील, तर बँड आणि स्क्रीनचा हिशोब वेगळा बसतो, तिथे मी भांडणार नाही. फक्त दुकानदाराला कोटेशन मागायच्या आधी एका रविवारी, न सांगता, मधल्या गाण्याला सगळे स्पीकर बंद करून बघा.

भावानी मागच्या रविवारी हे करून पाहिलं. बँड थांबला, तीन ओळी कशाबशा झाल्या. मग पाळकसाहेबांनी उपासना संगीतातलं एक म्हणायला सांगितलं, नंबर न सांगता. ते पण दोन कडव्यांवर अडलं, फक्त डाव्या बाजूच्या बाकांवर महिला मंडळानी शेवटपर्यंत नेलं. कमिटीची मीटिंग आता पंधरा दिवस पुढे ढकलली आहे आणि महिला मंडळाच्या दोघींना त्यात बोलावलं आहे, पहिल्यांदाच.